चढ, ऊन आणि सहा किलोचं कुत्रं

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर सकाळी दहाला पोचलात, तर आधी तिथली कुत्री कुठे आहेत ते बघावं. भल्या पहाटे पायथ्यापासून ट्रेकर मंडळींच्या पुढेमागे करत, बिस्किटाच्या आशेनं माचीपर्यंत येणारी हीच कुत्री एव्हाना दरवाज्याच्या देवडीत, टाक्याच्या ओलसर कडेला नाहीतर ताकवाल्या मावशींच्या छपराखाली अंग टाकून पडलेली असतात. हाक मारली तर शेपूट हलवतील, पण उठायचं नाव घेणार नाहीत. उन्हं कलेपर्यंत त्यांचा हाच कार्यक्रम. त्या दगडांवर वाढलेली कुत्री ज्या वेळेला जागची हलत नाहीत, नेमक्या त्याच वेळेला शहरातून आलेलं एखादं पॉमेरेनियन जीभ बाहेर टाकून मालकामागे चढत असतं. त्याला गडाचं काय पडलंय? मालक चढतोय म्हणून ते चढतं.

लहान कुत्र्याला घेऊन उन्हाळ्यात डोंगर चढण्यातली खरी अडचण इथे आहे. माणूस दमला की कुरकुरतो, बसतो, 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतो. घरातलं कुत्रं यातलं काही करत नाही. आपल्या माणसापासून मागे पडायचं नाही एवढंच त्याला कळतं आणि त्यापायी ते अंगातलं त्राण संपल्यावरही चालत राहतं. ते आपणहून आडवं पडतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून थांबायचं कधी, उचलायचं कधी आणि अर्ध्यातून परतायचं कधी, हे माणसानं त्याच्या वतीनं ठरवायचं असतं. तेही पायथ्याशी, डोकं थंड असताना. वर बुरूज दिसायला लागला की सगळ्यांचीच बुद्धी फिरते.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. आपल्याला एवढ्या तापात कुणी घराबाहेर पडू देणार नाही. त्याच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण त्यानं अंग निवत नाही. अंग निवतं ते धापा टाकून. जीभ, घसा आणि नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवरून हवा खेळते, ओल उडून जाते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. ही ओल उडायला हवा कोरडी लागते. घाटमाथ्यावरची २८ अंशांची कोरडी सकाळ ज्या कुत्र्याला सहज निभते, त्यालाच कोकणातून चढणाऱ्या वाटेवरची तेवढ्याच अंशांची दमट सकाळ निभत नाही. मोबाइलवर तापमान बघणारे पुष्कळ, आर्द्रता बघणारे थोडे. माझा आपला साधा ठोकताळा असा: पायथ्याला चढ सुरू करतानाच २५ अंशांच्या वर असेल आणि हवा चिकट लागत असेल, तर त्या दिवशी कुत्रं घरी. उंचीवर थंड असेल ही आशाही फार कामाची नाही. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. सहाशे मीटरच्या चढाला चारेक अंशांचा दिलासा, आणि तेवढ्या वेळात सूर्य वर येऊन तो वसूल करतो.

धापांवर सगळं अवलंबून असल्यामुळे चपट्या नाकाच्या जातींचा प्रश्न आपोआप निकाली निघतो. पग, शिह त्झू, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग यांची श्वासाची वाटच आखूड आणि दाटीची. टाळू लोंबता, नाकपुड्या अरुंद. ही कुत्री सपाटीवरच्या संध्याकाळच्या फेरीतही घोरल्यासारखा आवाज काढतात. त्यांना उन्हाळ्यात चढावर नेऊ नये, पहाटेही नाही, यात मध्यम मार्ग नाही. डॅशहंडची अडचण निराळी: लांब पाठ, आखूड पाय. त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका जातीतच असतो आणि गडाच्या पायऱ्यांवरून खाली मारलेली प्रत्येक उडी तिथेच बसते. पॉमेरेनियन, स्पिट्झ यांच्या दाट केसांकडे बघून लोक त्यांची हजामत करतात. ती करू नये. नीट विंचरलेली दुपदरी लव ऊन अंगापर्यंत पोचू देत नाही. कापली तर कातडी उघडी पडते आणि केस पुन्हा तसेच येतील याचीही खात्री नसते. विंचरून सुटलेली आतली लव काढली की काम झालं. लठ्ठ, म्हातारं, हृदयाचं दुखणं असलेलं आणि वर्षाच्या आतलं कुत्रं यांना या सीझनमध्ये वगळायचं. उरतात ती सडपातळ, लांब नाकाची: लहान चणीचं गावठी, टेरियर, त्यांचे संकर. डोंगरासाठी गावठीसारखं कुत्रं नाही, हे माझं मत कुणाला पक्षपाती वाटलं तरी चालेल.

लहान कुत्रं लवकर तापतं असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं. वजनाच्या मानानं लहान अंगाचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे सावलीत ते मोठ्या कुत्र्यापेक्षा लवकर निवतंही. त्याला नडतं ते जमिनीच्या जवळ असणं. त्याचं पोट आणि जमीन यांत वीतभर अंतर. आपल्या डोक्याला वारा लागत असतो तेव्हा ते तापलेल्या कातळातून वर येणाऱ्या धगीत चालत असतं. आपला काळा बेसाल्ट सूर्य उगवल्यापासून तापायला लागतो आणि सावली आल्यावरही धग सोडत राहतो. पंजाचा त्रास वेगळाच. हाताची मागची बाजू दगडावर टेकवून मनात सात आकडे मोजावेत. हात काढावासा वाटला तर त्या दगडावर कुत्र्यानं चालायचं नाही. सिंहगडासारख्या ठिकाणी लोक पायवाटेनं चढतात आणि 'उतरताना रस्त्यानं जाऊ' म्हणतात. नऊ-दहाच्या उन्हातलं डांबर कातळापेक्षा वाईट. तो बेत कुत्र्यासोबत नको.

वेळेचं गणित त्यामुळे उलटं मांडावं लागतं. नऊ वाजता कुत्रं पायथ्याला, गाडीच्या सावलीत असलं पाहिजे, इथून सुरुवात करायची. उतरायला सव्वा तास, वर अर्धा तास विश्रांती, चढायला दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबत दीड-पावणेदोन तास. म्हणजे पहिलं पाऊल साडेपाचला. अतकरवाडीहून सिंहगडाचा चढ साधारण सहाशे मीटरचा. रोज जाणारे पुणेकर तो तासाभरात काढतात, पण त्यांच्या वेगाचा आणि तुमच्या कुत्र्याचा काही संबंध नाही. मध्य एप्रिलला पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो, मेच्या मध्याला सहाला. पहिला अर्धा-पाऊण तास अंधारात किंवा संधिप्रकाशात जाणार.

आणि तिथे बिबट्या आडवा येतो. ऊन सांगतं अंधारात निघा, बिबट्या सांगतो निघू नका. अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा वजनानं मोजलं तर जवळजवळ ४० टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, अकोले, मावळ, मुळशी, सगळीकडे गावकऱ्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक आहे. संध्याकाळी कुत्री आत घ्यायची रीत उगाच पडलेली नाही. सहा किलोचं कुत्रं हा त्याच्यासाठी घासभर ऐवज. यावर तोडगा एकच: उजाडेपर्यंत कुत्रं पाठीवरच्या पिशवीत किंवा दोन माणसांच्या मध्ये, हातभर दोरीवर. एकट्यानं, हेडटॉर्च लावून, कुत्रं मोकळं सोडून जायचं असेल तर त्यापेक्षा उशिरा निघून लहान डोंगर निवडावा. डोंगराच्या बाजूचाही विचार करावा. पूर्वेच्या सोंडेवर साडेसहालाच ऊन अंगावर येतं; पश्चिमेच्या उतारावरची वाट नऊपर्यंत सावलीत राहू शकते. नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, सावली मिळते पण वारा कोंडलेला असतो, शिवाय वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला धोंडा लहान कुत्र्याला चुकवता येत नाही.

पहिल्याच फटक्यात गड गाठायची घाई कशाला? पर्वतीच्या १०३ पायऱ्या, वेताळ टेकडी, तळजाई, अशा ठिकाणी फेब्रुवारीपासून सवय करावी. तळवे टणक होतात, वाढत्या उन्हाची अंगाला ओळख होते, आणि आपलं कुत्रं पायऱ्या उतरताना पुढचे पाय कसे टाकतं हे आपल्याला कळतं. नखं ट्रेकच्या चार-पाच दिवस आधी कापावीत. आदल्या रात्री कापली आणि एखादं जिवाला लागलं तर घसाऱ्यावर ते पुन्हा वाहायला लागतं.

पाणी. घरात असताना कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली लागतं, म्हणजे सहा किलोला ३०० ते ३६०. चढावर चार तासांसाठी निव्वळ पिण्याचं अर्धा लिटर धरावं आणि अंगावर ओतायला म्हणून वेगळं एक लिटर. हे दीड लिटर आपल्या पाण्यात मोजायचं नाही. एकदम वाटीभर पाजलं तर ते घटाघट पितं आणि पुढच्या वळणावर ओकतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी ३०-४० मिली, धाप जरा बसल्यावर. घडीच्या सिलिकॉनच्या वाटीला घरी वापरून वास-सवय करून घ्यावी, काही कुत्री डोंगरावर अनोळखी भांड्याला तोंडच लावत नाहीत. वरच्या टाक्यांवर विसंबू नये. मेपर्यंत बरीचशी टाकी आटलेली असतात, उरलेल्यांवर हिरवा तवंग असतो. त्या तवंगात कुत्र्याचं यकृत बिघडवणारं विषारी शेवाळ असू शकतं, आणि गुरंढोरं, उंदीर जिथे पाणी पितात तिथे लेप्टो या संसर्गाच्या आजाराचीही धास्ती. गड चढून आलेलं कुत्रं अशा टाक्यात उडी मारायला बघतं. दोरी त्यासाठीच हातात असते.

दोरी गळपट्ट्याला अडकवू नये. चढावर ओढ बसली की गळा आवळतो आणि आधीच धापा टाकणाऱ्याची हवा तुटते. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखे पट्टे येणारा, खांदे मोकळे ठेवणारा आणि पाठीवर शिवलेली मूठ असलेला हार्नेस घ्यावा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, तीन जायला लागली तर कुत्रं मागे सरून त्यातून निसटतं. घेतल्या घेतल्या घरी त्या मुठीला धरून कुत्र्याला दोन-चार वेळा वीतभर उचलून बघावं. काखेत रुतत असेल तर डोंगरावर त्याचा उपयोग नाही. दोरी दीड ते दोन मीटर, साधी. आपोआप गुंडाळणारी डबी घसाऱ्यावर हातातून सुटली की तीच खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि ते बिथरून कड्याच्या दिशेनंही पळू शकतं.

मूठ का लागते हे गडाच्या पायऱ्या बघितल्या की कळतं. जुन्या दगडी पायऱ्यांना उंचीचं एक माप नाही. कुठे वीतभर, कुठे दीड फूट. खांद्यापाशी फूटभरही न भरणारं कुत्रं वर चढताना मागच्या पायांनी उडी घेतं, ते ठीक. उतरताना सगळं वजन पुढच्या दोन पायांवर आदळतं. अशा पाच-पन्नास उड्यांनंतर मनगटाचा सांधा सुजतो, आणि ते संध्याकाळी घरी लंगडायला लागल्यावर ध्यानात येतं. त्याच्या खांद्याहून उंच पायरी असेल तिथे मूठ धरून त्याला खाली ठेवायचं, फेकायचं किंवा 'ये, ये' करून उडी मारायला लावायचं नाही. घसाऱ्यावर आपण त्याच्या खालच्या बाजूला, वाकड्या पावलांनी. ते पुढे गेलं तर ओढीनं दोघं घसरतात. उन्हाळ्यातला सुका मुरूम बुटाखालीही बॉल बेअरिंगसारखा फिरतो, पंजाखाली तर तो सहाणेचं काम करतो.

कातळटप्पा किंवा शिडी आली की कुत्रं पिशवीत. काखेत धरून एका हातानं शिडी चढणारे लोक दिसतात. त्यांना काय म्हणावं? दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत, हा नियम कुत्रं आहे म्हणून सुटत नाही. पिशवी तळाला कडक, बाजूंना जाळीची, आतून हार्नेसला अडकवायला छोटी कडी असलेली असावी. कुत्र्याचं डोकं बाहेर येईल पण खांदे नाहीत इतपत तोंड. समोर छातीवर घेतलेली पिशवी चढावर पायाखालचं दिसू देत नाही, म्हणून पाठीवरचीच. आणि आत कुत्रं निवांत बसलंय असं समजू नये. आपल्या घामेजलेल्या पाठीला चिकटून, वारा न लागता, ते तिथेही तापतं. दहा-पंधरा मिनिटांनी सावलीत उतरवून हात फिरवायचा. वजनाचा हिशेब आधीच करावा: कुत्रं सहा किलो, त्याचं पाणी दीड, आपलं तीन, पिशवी आणि सटरफटर दीड-दोन; बारा किलोच्या पुढे. एवढं ओझं घेऊन तुम्हाला तो गड माथ्यापासून पायथ्यापर्यंत न थांबता उतरता येत नसेल, तर तो गड तुमच्या कुत्र्यासाठी नाही. हरिहरच्या उभ्या पायऱ्या कुणालाही जमोत, तिथे कुत्रं नेण्यात शहाणपण नाही.

काही ठिकाणी प्रश्नच येत नाही कारण नेताच येत नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड हा सगळा टापू अभयारण्यात येतो. भीमाशंकरचं जंगल, कोयनेतला वासोटा, तेही. तिथे पाळीव कुत्र्याला बंदी आहे आणि ती रास्त आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला होता; लसीकरण झालेलं आपलं कुत्रं जरी निरोगी असलं तरी नियम सगळ्यांना एकच लागतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडचे किल्ले, म्हणजे लोहगड, विसापूर, रायगड वगैरे, तिथेही १९५९ च्या नियमांप्रमाणे जनावर आत आणता येत नाही. गंमत म्हणजे रायगडावर वाघ्या कुत्र्याचं स्मारक उभं आहे, त्याच्या इतिहासाबद्दल वाद घालणारे हयात घालतात. जिवंत कुत्र्याला मात्र नियमानं दारातच थांबावं लागणार. बाकी ठिकाणी वनखात्याच्या नाक्यावर किंवा गावात आधी विचारावं. विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी, मग कुणी मुद्दाम विचारायचं कारणही पडत नाही.

आता कुसळ. उन्हाळ्यातल्या डोंगरावर कुत्र्याचं सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट ऊन धरली, तर दुसरी ही. कुसळी गवत दिवाळीनंतर पिकतं आणि त्याचे दाणे उन्हाळाभर वाटेवर, झुडपांत, मोज्यांत सापडतात. एक दाणा चिमटीत धरून बघा. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस आणि मागे लांब पिळलेली काळपट शेपटी. ओल लागली की ती शेपटी उलगडायला लागते, सुकली की पुन्हा पिळते, आणि या पिळण्या-उलगडण्यानं टोक आत आत जातं. मागे वळलेल्या केसांमुळे परत यायची सोय नाही. गवताला बी जमिनीत रुजवायला ही युक्ती उपयोगी पडते. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात केसही असतात आणि तळव्याचा घामही. दोन दिवसांनी ते एकच पंजा चाटत बसतं, बोटांमध्ये लाल गाठ येते, मग तिला बारीक भोक पडून पू येतो. तोवर कुसळ गाठीच्या पुढे, पायाच्या आत सरकलेलं असतं आणि ते शोधायला भूल देऊन चिरावं लागतं.

नाकात गेलं तर एकदम शिंकांची माळ लागते, कधी एका नाकपुडीतून रक्त. कानात गेलं तर मान त्याच बाजूला कलते आणि कुत्रं डोकं झटकत राहतं. डोळ्यात गेलं तर डोळा मिटलेलाच. बाहेर टोक दिसत असेल तर चिमट्यानं सरळ रेषेत काढावं. दिसत नसेल तर घरी खुपसाखुपशी करू नये, त्याच दिवशी डॉक्टर. म्हणून निघण्याआधी बोटांमधले आणि कानाच्या पाळीखालचे केस बारीक कापून घ्यायचे, आणि कंबरभर सुक्या गवतातून वाट जात असेल तिथे कुत्रं उचलायचं. वणवा लागून गेलेल्या उतारावर कुसळ नसतं, पण कारवीचे जळके, तिरपे खुंट असतात. आपल्या नडगीला ओरखडा येतो त्या उंचीवर त्याचं पोट असतं.

बूट घालावेत का, असं पुष्कळ जण विचारतात. लहान मापाचे बूट उतारावर फिरून उलटे होतात, आत खडा जातो आणि तळव्याला वाराही लागत नाही. तापलेला एखादा टप्पा ओलांडण्यापुरते ठीक, दिवसभरासाठी नाहीत. तापलेल्या टप्प्याला सोपा उपाय म्हणजे उचलून नेणं. लहान कुत्र्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

कड्यांवर मार्च ते मे आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्या बाजूला अत्तर मारून, बिडी-सिगारेट ओढत, आरडाओरडा करत जाऊ नये, आणि भुंकणारं कुत्रं तर नकोच. माश्या उठल्याच तर कुत्र्याला कपड्यात गुंडाळून छातीशी धरून दूर पळणं, दुसरा मार्ग नाही. वानरांच्या टोळीसमोरही उचलूनच. फुरसं दगडाखाली असतं आणि कुत्रं नाक घालून वास घेतं, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. बांधाबांध, चिरा देणं काही करायचं नाही. त्याला एक पाऊलही चालू न देता उतरवायचं आणि वाटेतूनच फोन करून कुठल्या दवाखान्यात सर्पविषावरचं औषध आहे ते शोधायचं. सगळीकडे ते नसतं. रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो हे शनिवारीच विचारून ठेवावं.

माथ्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही येतं. साधं दही चमचाभर चालेल, भाकरीचा तुकडा चालेल. भजी नाही. कच्चा काय नि तळलेला काय, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याला मध्यम आकाराचा एखादाच कांदा पुरतो. ट्रेकच्या सुक्या मेव्यातले मनुके-बेदाणे मूत्रपिंडाला घातक, त्यांचं 'इतपत चालतं' असं माप नाही. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम तसंच. मेमध्ये गावाजवळच्या वाटेवर रायवळ आंब्याच्या कोयी पडलेल्या असतात. कुत्र्याला त्या चोखायला आवडतात आणि लहान कुत्र्याच्या आतड्यात कोय अडकली की ऑपरेशनशिवाय निघत नाही. त्याचं स्वतःचं खाणं निघण्याच्या दोन-तीन तास आधी थोडं, वाटेत उकडलेल्या अंड्याचा किंवा रताळ्याचा तुकडा, आणि पोटभर जेवण उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं.

एवढं सांभाळूनही ऊन लागू शकतं. ते ओळखायचं कसं? नेहमीची धाप आणि ही धाप वेगळी. जीभ टोकाशी रुंद, चमच्यासारखी वळते, लाळ पातळ न राहता तार धरते, हिरड्या भडक लाल होतात. सावलीत पाच मिनिटं बसवूनही धाप कमी होत नाही, पाणी दाखवलं तर तोंड फिरवतं, मागचे पाय झोकांड्या खातात. ओकारी, रक्ताळ जुलाब, पांढरट हिरड्या हे त्याच्या पुढचं. यातलं पहिलं लक्षण दिसलं की चढ संपला, मग माथा दहा पावलांवर का असेना.

सावलीत, जिथे वारा आहे तिथे त्याला कुशीवर निजवायचं. राखलेलं लिटरभर पाणी पोटावर, जांघेत, काखांत, मानेवर, पंजांवर ओतून केसांच्या मुळापर्यंत चोळायचं आणि टोपीनं, जेवणाच्या ताटलीनं, जे हाती येईल त्यानं वारा घालायचा. पाणी ओतून वारा न घालणं म्हणजे अर्धं काम. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. काही मिनिटांत तोच गरम होऊन उष्णता आत कोंडतो. पाणी गार नसलं तरी चालतं, कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलं की पुरे. डिजिटल थर्मामीटर सोबत असावा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. ४१ च्या आसपास म्हणजे जिवाशी गाठ. ३९.५ ला आलं की ओतणं थांबवायचं, नाहीतर नंतर तापमान फार खाली घसरतं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जातं. आपल्या पाकिटातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम यांतलं काहीही द्यायचं नाही. हा ताप तापाच्या गोळीनं उतरणारा नसतो, आणि आयब्युप्रोफेन त्याच्या पोटाला नि मूत्रपिंडाला मारक. आधी निववणं, मग उतरणं. उतरतानाही थांबून थांबून पाणी आणि वारा चालू.

कुत्रं उठून उभं राहिलं, शेपूट हलवायला लागलं की लोक सुटकेचा निःश्वास टाकून थेट घरी जातात. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांचं नुकसान एक ते तीन दिवसांनी वर येतं. त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायचं, ते कितीही ठणठणीत दिसो. त्या दिवशी गाडीचा एसी लावून नेताना पिशवीतून बाहेर, सीटवर मोकळं ठेवावं. चहा प्यायला थांबलात तर बंद गाडीत ते एकटं नको, काच चार बोटं उघडी ठेवली तरी नको.

धडधाकट परतलेल्या कुत्र्याचंही घरी आल्यावर काम असतंच. आधी चारही पंजे कोमट पाण्यात धुऊन एकेक बेचकं उजेडात बघायचं, मग कानांच्या आत, काखा, जांघा, शेपटीखाली. कुसळ आणि गोचीड दोन्ही याच जागा धरतात. गोचीड हातानं चिरडायची किंवा तेल-रॉकेल ओतायचं नाही. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. गोचिडावरची गोळी किंवा थेंब ट्रेकच्या निदान दोन दिवस आधी दिलेले असले तर बरं. आणि पुढचे तीन आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवावं: खाणं सुटलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की हे कुत्रं अमुक तारखेला डोंगरावर जाऊन आलंय, गोचीड-तापासाठी रक्त बघा.